भात पोटरीला आलं होतं तेव्हा

कंबोडियात नॉम पेन्हहून सिएम रीपला जाणारा रस्ता सरळसोट आहे. भाद्रपदात दोन्ही बाजूंना भातच भात, मध्येच ताडाची उंच झाडं, खांबांवर उभी घरं आणि घराखालच्या सावलीत बांधलेल्या पांढऱ्या गाई. जेवण झालेलं, बसमध्ये सगळे पेंगुळलेले. पुढच्या सीटवरचे काका मात्र चुळबुळत होते. काका नाशिकचे, बँकेतून निवृत्त झालेले, सगळं वेळच्या वेळी करणारे. त्या दिवशी त्यांच्या वडिलांची तिथी होती आणि पक्ष पंधरवड्यात टूर स्वस्त मिळते या आनंदात पंचांग बघायचं राहून गेलं होतं. शेवटी ते उठून गाइडकडे गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारू लागले, वाटेत एखादं देऊळ लागेल का, वडिलांसाठी थोडा भात ठेवायचा आहे. गाइडला ते आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर कळलं. म्हणाला, आमच्याकडेही हेच पंधरा दिवस चालू आहेत. मग काकांनी, आपण विचारतो तसं सहजच विचारलं, तुमचे वडील आहेत का. नाहीत. कधी गेले? गाइड पन्नाशी उलटलेला, हसरा माणूस. त्याने खिडकीबाहेर हात केला. भात आता आहे ना, तसंच होतं म्हणाला, पोटरीला आलेलं. वर्ष बहुतेक १९७७. तारीख नाही माहीत. आज कोणता दिवस आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नसायचं.

"मग तुमची सर्वपित्री," काका म्हणाले.

चार-पाच जणांनी माना डोलावल्या. बरोबर, सर्वपित्रीच. काउंटरवरच्या माणसाने अडलेला कागद बघून 'तीन नंबरच्या खिडकीवर जा' म्हणावं, तितक्या सहज ते निकालात निघालं. काकांचा हेतू चांगला होता आणि शास्त्राने उत्तरही बरोबर होतं. गाइडनेही हसून मान हलवली. तरी मला ते खुपलं, आणि पुढचे दोन-तीन तास मी बाहेरच्या भाताकडे वेगळ्याच नजरेने बघत राहिले.

आमच्या आजीच्या घरी सर्वपित्रीला एक पान जास्तीचं असायचं. भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, खीर, वडे, सगळं रीतसर वाढलेलं. ते पान आजीच्या धाकट्या दिरांचं. ते तरुणपणी घर सोडून गेले ते गेलेच. जिवंत आहेत की नाहीत हे ठरवायला घरच्यांनी बरीच वर्षं घेतली आणि मग एका भाद्रपदात कोणीतरी ते पान वाढलं. आजीला त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं, पण ते पान वाढताना तिचा हात जरा सैल पडायचा, भाताची मूद मोठी व्हायची. एका घरात असं एक पान. एका अख्ख्या देशात ही पानं किती असतील, हा हिशेब त्या बसमध्ये बसेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. कंबोडियाची लोकसंख्या १९७५ मध्ये सुमारे ७८ लाख होती. त्यातली १५ ते २० लाख माणसं तीन वर्षं, आठ महिने आणि काही दिवसांत गेली.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजचे, म्हणजे पोल पोटच्या कम्युनिस्ट पक्षाचे, सैनिक राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले तेव्हा तिथलं नववर्ष नुकतंच सरलं होतं. एप्रिल म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. शहरातल्या वीस लाखांना सांगितलं गेलं की अमेरिकन विमानं बॉम्ब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांसाठी बाहेर पडा. लोकांचा विश्वासही बसला, कारण त्याआधीची काही वर्षं अमेरिकेने त्यांच्या खेड्यांवर पाच लाख टनांहून जास्त बॉम्ब खरोखरच टाकले होते. दवाखान्यातले रुग्ण चाकांच्या खाटांसकट रस्त्यावर आले. दोन-तीन दिवस कधी संपलेच नाहीत. पैसा रद्द झाला, राष्ट्रीय बँकेची इमारत उडवून दिली, शाळा, बाजार, टपाल, विहार सगळं बंद. शहरातून आलेले ते 'नवे लोक', खेड्यातले ते 'जुने लोक', आणि सगळ्यांच्या वर 'अंगकार', म्हणजे संघटना. तिला चेहरा नव्हता. या नव्या लोकांबद्दल एक वाक्य सर्रास ऐकवलं जायचं: ठेवून फायदा नाही, गेल्याने तोटा नाही.

हे सगळं थोड्याफार फरकाने वाचलेलं होतं. कॅलेंडरचं मात्र मी कधी वाचलं नव्हतं, निदान लक्षात राहिलं नव्हतं. सात दिवसांचा आठवडा गेला. नऊ दिवस काम आणि दहाव्या दिवशी सभा, असं चक्र आलं. मनगटावरची घड्याळं काढून घेतली गेली आणि ती बंदूकवाल्या पोरांच्या हातावर दिसू लागली. पौर्णिमा, अष्टमी, अमावस्या सांगणाऱ्या भिक्षूंची चिवरं उतरवून त्यांना चर खणायला लावलं, कित्येकांना मारलं. सण नाहीत, लग्नतिथी नाही. अंगकार सांगेल त्याच्याशी, सांगेल तेव्हा, रांगेत उभं राहून लग्न. वेळ मोजायला उरलं काय, तर भात. पेरणी, लावणी, भात पोटरीला येणं, कापणी. गाइडची ती खूण म्हणजे त्या काळातलं एकमेव कॅलेंडर होतं, आणि त्याच्या वडिलांची त्यातल्या त्यात नेमकी तारीख तीच.

या सगळ्यात मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो तो हाच भात. माणसं भातात उभी राहून भुकेने मेली. हेक्टरी तीन टन पिकवायचेच असा हुकूम होता, पूर्वी निघत होतं त्याच्या दुपटीहून जास्त. एवढं निघणं शक्यच नव्हतं. पण कमी निघालं असं सांगणारा प्रमुख शत्रूचा हस्तक ठरायचा, म्हणून तो तीन टन निघालं असं कळवायचा. मग वरचे लोक तीन टनांच्या हिशेबाने आपला वाटा उचलून न्यायचे, आणि गावाला राहायचं ते पातळ पेजेचं पाणी. त्या पाण्यात शितं मोजता यायची. घरातली भांडी सामुदायिक स्वयंपाकघरात जमा झालेली, माणसाकडे स्वतःचा म्हणून एक चमचा. तो कमरेला खोचून फिरायचं. बांधावरचा खेकडा, बेडूक, नाळीच्या भाजीची चार पानं आपली आपण खाल्ली तर ती चोरी, कारण सगळं अंगकारचं. गाइड म्हणाला, आईने त्याला रात्री कच्चे तांदूळ चघळायला शिकवलं होतं, आवाज न करता. हे सांगताना त्याने गाल आत ओढून दाखवले आणि मागच्या सीटवरची एक मुलगी हसली. तिला वाटलं तो गंमत करतोय.

आदल्या दिवशी आम्ही नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंगला, ख्मेर रूजच्या जुन्या तुरुंगात, गेलो होतो. खरं तर ग्रुपमधल्या काहींना जायचं नव्हतं. कवट्या बघायला का पैसे भरलेत, असं एकाने बोलूनही दाखवलं, आणि पितृपक्षात तर नकोच. तिघं-चौघं एसी चालू ठेवून बसमध्येच बसले. मला त्यांचा राग आला होता. आता तितकासा येत नाही. आत गेलेल्यांनीही काय वेगळं केलं, फोटो काढले. ती मुळात शाळा. तीन मजली इमारती, समोर पटांगण, पांढऱ्या चाफ्याची झाडं. वर्गातल्या फरशा पिवळसर आणि पांढऱ्या, एकाआड एक, आपल्याकडच्या जुन्या शाळांमध्ये असतात तशाच. त्यांच्यावर एक लोखंडी खाट, एक बेडी. व्हरांड्यांना काटेरी तारेची जाळी मारलेली आहे. आत कोणी शिरू नये म्हणून ती असावी असं मी धरून चालले होते. ती कैद्यांनी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून होती. प्रमुख होता काइंग गुएक ईआव, टोपणनाव दुच, पेशाने गणिताचा मास्तर. त्याने कारभारही मास्तरासारखा केला. प्रत्येक कैद्याचा फोटो, अंगावर नंबर, कबुलीजबाब लेखी. तो जबाब त्याला पटला नाही तर समासात लाल शाईने शेरा आणि पुन्हा लिहायला परत. शेतकऱ्याची पोरं स्वतःला सीआयएचे, केजीबीचे आणि व्हिएतनामचे एकाच वेळी हेर म्हणवून सह्या करत होती.

आणि तिथे तारखा आहेत.

कोणाला कधी आणलं, कोणाला कधी 'संपवलं', याच्या याद्या आहेत, टाइप केलेल्या. न्यायालयाने पुढे त्या कागदांवरून किमान १२,२७२ बळी धरले. बाहेर शेतात भुकेने मेलेल्या गाइडच्या वडिलांना तिथी नाही, आणि या छळछावणीत मेलेल्यांना आहे. अंगकोर वाटच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर यमाचा दरबार कोरलेला आहे, त्यात चित्रगुप्तही आहे, आणि खालच्या पट्टीत ओढून नेली जाणारी हाडकुळी माणसं. दोन दिवसांनी ते शिल्प बघताना सगळा ग्रुप 'अरे, हा तर आपला चित्रगुप्त' म्हणून खूश झाला. मला तो लाल शाईचा मास्तर आठवत होता.

फोटोंच्या त्या भिंतींसमोर आणखी एक गोष्ट कळते आणि मग नीट दुःखही करता येत नाही. त्यातले बहुतेक चेहरे ख्मेर रूजच्याच माणसांचे आहेत. पक्षाचे कार्यकर्ते, सैनिक, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. संशय आतल्या आत फिरत गेला. १९७८ मध्ये पूर्व विभागातले आपलेच लोक त्यांनी हजारोंनी मारले. तुओल स्लेंगचे पहारेकरी आणि चौकशी अधिकारीसुद्धा एक दिवस त्याच खाटेवर आले. कोपऱ्यातला तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, ज्याच्या डोळ्यांत बघवत नाही, त्याने सहा महिन्यांपूर्वी काय केलं असेल? हा प्रश्न मनात आला की मला माझीच लाज वाटते, आणि नाही आला तर आपण भाबडे आहोत असं वाटतं.

आपण मराठी माणसं तिकडे जातो ती मुख्यतः अंगकोरसाठी. समुद्रमंथन, विष्णू, केवढं मोठं हिंदू मंदिर, अशी छाती फुगवून. भारताच्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ तिथे काम केलं, हे गाइड लोक भारतीयांना आवर्जून सांगतात, आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने ख्मेर रूजनंतर आलेल्या नॉम पेन्हच्या नव्या राजवटीला मान्यता दिली हेही. बाकी बहुतेक जग तेव्हा संयुक्त राष्ट्रांतल्या खुर्चीवर पोल पोटच्याच लोकांना बसवून होतं. तो अभिमान खोटा नाही. फक्त अंगकोरचा अभिमान पोल पोटलाही होता. त्याच्या राजवटीच्या लाल झेंड्यावर पिवळ्या रंगात अंगकोरचे तीन कळस होते. ज्या लोकांनी अंगकोर बांधलं त्यांना काहीही शक्य आहे, अशा अर्थाचं तो १९७७ च्या भाषणात बोलला होता. राजांनी हजार वर्षांपूर्वी मैलोगणती तलाव खोदले, मग आपणही खोदू, यंत्रं नकोत, इंजिनिअर नकोत, टोपल्या आणि माणसं पुरेत. आमची बस ज्या कंपोंग थोम प्रांतातून जात होती तो पोल पोटचा जन्मप्रांत. तिथेच चिनित नदीवर '१ जानेवारी' धरण हाताने बांधून घेतलं. गाइडचे वडील तिथेच माती वाहत होते. नॉम पेन्हमध्ये ते सरकारी कारकून होते, चष्मा लावायचे. चष्मा त्यांनी वाटेतच फेकून दिला होता, पण नाकावरचा वण गेला नव्हता.

काकांना त्या संध्याकाळी गाइडने एका विहारात नेलं. आम्ही काहीजण मागोमाग गेलो. मंडपात तेलाचा, उदबत्तीचा आणि शिजलेल्या चिकट भाताचा वास कोंदला होता. बायका केळीच्या पानात केक बांधत बसल्या होत्या. तिथल्या या पंधरवड्याला 'प्चुम बेन' म्हणतात आणि तो आपल्या भाद्रपद वद्य पक्षाबरोबरच येतो. रोज पहाटे चारला लोक अनवाणी येतात आणि विहाराभोवती फिरत अंधारात तीळ घातलेले भाताचे गोळे फेकतात, प्रेतांसाठी, म्हणजे भटकणाऱ्या उपाशी आत्म्यांसाठी. प्रेतांना उजेड सोसत नाही, त्यांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, भूक मात्र प्रचंड. आपल्या माणसांनी ठेवलेला घास शोधत ती विहारामागून विहार हिंडतात, सात विहारांत नाही मिळाला तर शाप देतात. १९७५ नंतर चार भाद्रपद हे काहीही झालं नाही. विहारांत धान्य साठवलेलं होतं, कुठे कैदी. मेलेली १५ ते २० लाख माणसं आणि एक गोळा भात नाही.

गाइडने टेबलावरच्या कागदावर नावं लिहिली. भिक्षू ती वाचून दाखवतात. दोन नावं लिहिली तेव्हा काकांनी विचारलं, दुसरं कोण. मामा, तो म्हणाला. मामा त्यांच्यातलाच होता, सहकारी शेतीच्या प्रमुखाचा हाताखालचा माणूस. वडील गेल्यावर वर्षभराने मामालाही मोटारीत घालून नेलं. वडिलांना पेज वाढणाऱ्यांत मामा होता का, त्याने कधी एक पळी जास्त घातली का, की आपल्या बहिणीच्या नवऱ्याकडे बघितलंच नाही, हे त्याने आईला कधी विचारलं नाही. आई आता नाही. आईचं नाव या कागदावर नव्हतं, कारण तिची तारीख माहीत आहे. काका गप्प झाले. त्यांनी आपल्या वडिलांचं नाव देवनागरीत लिहिलं आणि ते भिक्षूला कसं वाचता येणार म्हणून खाली रोमनमध्ये लिहायला लागले, पण गाइडने त्यांच्याकडून ऐकून ख्मेर अक्षरांत लिहून दिलं.

हे मला पटलं होतं का? नव्हतं. मामाचं नाव वडिलांच्या नावाखाली बघून मला रागच आला होता. थायलंडच्या हद्दीतल्या निर्वासित छावणीत महा घोसानंद नावाचे भिक्षू गेले होते, बिहारमध्ये नालंदाला शिकलेले. त्यांचं स्वतःचं सगळं कुटुंब गेलं होतं. जमलेल्या हजारो लोकांपुढे त्यांनी 'न हि वेरेन वेरानि', वैराने वैर शमत नाही, ही धम्मपदाची गाथा म्हणायला सुरुवात केली, आणि कित्येक वर्षांनी पाली कानावर पडल्यावर ती माणसं रडत रडत त्यांच्यामागून म्हणू लागली. त्या गर्दीत पळून आलेले होते आणि त्यांना राबवणारेही होते. आपल्याकडे ही गाथा कितीतरी घरांत पाठ असते. मीही ती कार्यक्रमांत ऐकली आहे, टाळ्यांसकट. पण ज्याने आपल्या बापाच्या वाट्याची पेज कमी केली तो शेजारी उभा राहून तीच गाथा म्हणतोय, हे मला अजूनही झेपत नाही.

तुओल स्लेंगच्या कैद्यांना नेऊन मारायचे त्या चुंग एकला त्यांनी काचेच्या स्तूपात कवट्या ठेवल्या आहेत. त्यांना अग्नी द्यावा, नाहीतर आत्मे भटकत राहतील, असं राजे सिहानुक म्हणत होते. सरकारचं म्हणणं, पुरावा आहे, ठेवायचा. दोघांचंही मला पटतं. पाऊस पडला की तिथल्या पायवाटांवर अजून कपडे वर येतात. मी पाहिली ती निळ्या कापडाची एक पट्टी, दंडाच्या शिवणीसकट, चिखलात अर्धी रुतलेली. बाजूला लाकडी फळ्या टाकलेल्या, त्यांवरून चाला अशी पाटी. एक कामगार येऊन अशा चिंध्या आणि दात गोळा करून पेटीत ठेवतो.

पुरावा लागला, पण फार उशिरा. न्यायालय उभं राहिलं २००६ मध्ये. ते संपेपर्यंत ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च आणि शिक्षा तिघांना: दुच, आणि ख्मेर रूजचे दोन बडे नेते नुओन चिया आणि ख्यू सांफान. नरसंहाराचा गुन्हा सिद्ध झाला तो व्हिएतनामी आणि चाम मुसलमानांबाबत. बाकी लाखो ख्मेर माणसं कायद्याने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोडतात, कारण मारणारे आणि मेलेले एकाच वंशाचे. गाइडच्या वडिलांचा खाना तो. आणि ज्या हुन सेन यांनी पंतप्रधान असताना आणखी खटले चालू दिले नाहीत, ते स्वतः एकेकाळी ख्मेर रूजच्या फौजेत होते.

११ जुलै २०२५ ला रायगड, शिवनेरी, जिंजीसकट आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आमच्या सगळ्या ग्रुपांवर भगवे फोटो, त्या टूरच्या ग्रुपवरही. पॅरिसच्या त्याच बैठकीत, त्याच दिवशी तुओल स्लेंग आणि चुंग एकही त्या यादीत गेले. ते मी ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, काकांचे हात जोडलेले आले, आणि लगेच पुन्हा रायगड. मलाही रायगडाचाच आनंद जास्त झाला होता, हे नाकारत नाही.

पोल पोट त्या न्यायालयापुढे कधी आलाच नाही. थायलंडच्या सीमेवर आनलोंग वेंगला त्याच्याच लोकांनी त्याला नजरकैदेत ठेवलं होतं, तिथे तो १५ एप्रिल १९९८ ला मेला. टायर आणि मोडकं सामान रचून त्याला जाळलं. त्याची तारीख सगळ्यांना माहीत आहे, पंचांग उघडलं तर तिथीही काढता येईल. त्या जागेवर गंजलेल्या पत्र्याचं छप्पर आहे आणि पर्यटन खात्याची पाटी. लोक तिथे उदबत्त्या लावतात. शांतीबिंतीसाठी नाही, लॉटरीचा आकडा मागायला. मी गाइडला विचारलं, आकडा लागतो का. तो म्हणाला, त्याच्या बायकोच्या चुलतभावाला एकदा लागला होता.